उकिडवं बसून हसायचं

बिरसीजवळच्या आमच्या दवाखान्यात एक्सरेचं यंत्र नाही. म्हणून पायात रॉड घातलेल्या रोग्याची पहिली तपासणी आम्ही अशी करतो : त्याला उकिडवं बसवायचं आणि हसायला सांगायचं. टाचा टेकल्या आणि चेहरा हसरा राहिला, तर हाड बहुधा जुळत आलं. मी फोटो काढतो, वहीत नोंद करतो आणि फोटो व नोंद ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना पाठवतो. बी.कॉम. होऊन इथे लागलो तेव्हापासून नोंदी माझ्याकडेच आहेत. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन.

भूमेश्वरी ही माझ्या चुलतभावाची, ओमेश्वरची बायको. जानेवारीत धानाच्या ट्रॉलीवरून उतरताना तिची नडगी मोडली आणि रॉड घालावा लागला. ओमेश्वर हैदराबादला कामाला असतो. दीड एकर ती एकटीच करते. मी तिच्या नवऱ्याहून थोरला, म्हणजे तिचा भासरा. आमच्या पोवार समाजात भासऱ्यासमोर बाई तोंड उघडं ठेवत नाही, थेट बोलतही नाही. वीस वर्षांत मी तिचा चेहरा पाहिलेला नव्हता.

एप्रिलमध्ये ती आली, पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली. हसतेस ना, असं मी नर्स प्रेरणाकरवी विचारल्यावर प्रेरणालाच म्हणाली, "सांग त्यायले, हसून राहिली मी."

मी लिहिलं : हसली. मे महिन्यातही तेच.

जूनमध्ये डॉक्टरांचा फोन आला. "लीलाधरजी, दोन फोटो, दोन्हीत पदर. तुमच्या नोंदीवर मी भागवलं. पण आता धानाची रोवणी येते आहे. हाड जुळलं नसेल आणि ती चिखलात उतरली, तर रॉड तुटेल. तुम्ही तिला हसताना पाहिलंत का?"

पाहिलं नव्हतं. न पाहिलेली गोष्ट मी दोनदा लिहिली होती.

दुसऱ्याच दिवशी तिला बोलावलं. मोबाईल प्रेरणाच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

"बसा काकू. आणखी खाली. हां, आता हसा," आतून आवाज आला. मग, "ओठ काऊन चावून राहिल्या?"

प्रेरणानं फोटो आणून दाखवला, चेहऱ्यावर अंगठा ठेवूनच. टाचा टेकल्या होत्या. "डोळ्यात पाणी आहे, काका," ती हळूच म्हणाली.

"सांग त्यायले, फोटो पाठवू नोका," आतून भूमेश्वरी ओरडली. "वाफ्यात धानाचे पऱ्हे वाढून राहिले. मी नाही उतरली त रोवंल कोण?"

"तिला सांग," मी भिंतीकडे पाहत म्हणालो, "रॉड तुटला तर पुढच्या वर्षीचीही रोवणी जाईल."

"विचार त्यायले, भासरा होय का दुश्मन?"

मी फोटो पाठवला. वहीतल्या दोन्ही नोंदींवर रेघ मारली आणि वर लिहिलं : चेहरा दिसला नाही.

डॉक्टरांनी रॉडचा खालचा एक स्क्रू काढला, म्हणजे हाडावर भार येऊन ते जुळेल. चिखल बंद, चालणं सक्तीचं. ती रोज काठी टेकत गावाबाहेरच्या बोरीपर्यंत जाऊन यायची. रोवणीला बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, खाट टाकून बसली आणि तिथूनच बायांना हाका मारत राहिली, "कोणाची वो ते वाकडी रांग? डोळे घरी ठेवून आली का?" माझ्याशी मात्र, प्रेरणामार्फतही, एक शब्द नाही.

नोव्हेंबरात ती काठीशिवाय आली. खांद्याला पिशवी. प्रेरणाला म्हणाली, "भासऱ्याले सांग, या खेपेले बाहेर नोका जाऊ. डोळे मिटून फोटो काढा."

मी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

"काका, हा तर पंख्याचा फोटो आहे!" प्रेरणा म्हणाली.

आणि भूमेश्वरी हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. खणखणीत, थांबता थांबेना. "काकू, तशाच बसा, उठू नका!" प्रेरणानं माझ्या हातातून मोबाईल ओढला.

"काय दिसून राहिलं?" मी डोळे मिटूनच विचारलं.

"टाचा टेकल्या, काका. आणि बत्तीसच्या बत्तीस दात."

तासाभरात डॉक्टरांचं उत्तर आलं : सवडीनं गोंदियाला जाऊन एक्सरे करून घ्या, पण कापणीला हरकत नाही. भूमेश्वरीनं पिशवीतून विळा काढला. घरूनच आणला होता.

मी वहीत लिहिलं : हसली. प्रेरणानं पाहिलं, मी ऐकलं.

"सांग त्यायले," पदराआडून आवाज आला, "लिहिणं झालं असंल त दारातून सरका. धान झडून राहिला."