चेनचं इंग्रजी आणि माझी मास्तरकी

बहारीनमध्ये मी आयुष्यात एकाच माणसाला इंग्रजी शिकवलं, आणि त्याचा संसार बुडता बुडता राहिला.

मी मूळचा देवरुखचा. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. सगळ्यांचे रजेचे अर्ज मीच इंग्रजीत लिहून द्यायचो, त्यामुळे माझं इंग्रजी फार चांगलं आहे असा समज पसरला होता. (पसरवणारा मीच.) झिंज भागात आम्ही राहायचो, तिथे आमच्या खालच्या खोलीत चेन राहायचा. तैवानचा, लेथवरचा कारागीर, हाताला सोनं आणि तोंडाला कुलूप. बायको-मुलगी तिकडे. मुलगी रांगत होती तेव्हा तो निघाला होता. आता फोटोत ती सायकलवर बसलेली होती. तो फोटो तो शर्टाच्या खिशात ठेवायचा.

अशातच कंपनीचं बुसैतीनमधलं एक फॅमिली क्वार्टर रिकामं होणार अशी बातमी आली. आम्हा ऑफिसवाल्यांना बायकोचा व्हिसा मिळायचा, पण कारागिरांपैकी ज्याला हे क्वार्टर मिळेल त्यालाच बायकामुलांचा. यादीत पहिलं नाव चेनचं. पण साहेब इंग्रज, आणि तो समोर बोलावून विचारणार. चेनकडे उशीएवढा जाड इंग्रजी-चिनी शब्दकोश होता. शब्दांचे अर्थ धडाधड पाठ, पण कुठला शब्द कधी वापरायचा, तिथे गाडी अडायची. मी म्हटलं, अर्थ तुझ्या पुस्तकात, वापर माझ्याकडे. दर शुक्रवारी सुट्टी असते, जेवायलाच ये.

तेव्हापासून शालिनी, म्हणजे आमचं कुटुंब, मला 'मास्तर' म्हणायला लागली. त्यात आदर नव्हता.

एका शुक्रवारी सुरमई होती. शालिनी दुसरी तुकडी वाढायला आली, तसा चेन ताटावर आडवा हात धरून म्हणाला, "नो, थँक यू." शालिनीनं तो हात बाजूला सारून तुकडी वाढलीच. मला शिकवायला विषय मिळाला. मी सांगितलं, लगेच 'यस' म्हणणं हे हावरटपणाचं लक्षण. पहिल्यांदा 'नो', दुसऱ्यांदाही 'नो, व्हाय ट्रबल', आणि तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून 'यस'. चेनचा चेहरा उजळला. त्याच्या घरीही अगदी अस्संच म्हणे! त्यानं वहीत चिनीत लिहून घेतलं आणि विचारलं, इंग्रज लोकांतही हेच? मी म्हटलं, अरे, सभ्यपणा त्यांचाच! (इंग्रजाच्या पंक्तीला मी जन्मात बसलो नव्हतो.)

पुढच्याच गुरुवारी सकाळी साहेबानं चेनला केबिनमध्ये बोलावलं. मी फाईल घेऊन कोपऱ्यात उभा.

"चेन, बुसैतीनचं क्वार्टर. हवंय तुला?"

"नो, थँक यू, सर," चेन म्हणाला. उच्चार अगदी स्वच्छ.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. साहेबानं पेन थांबवलं आणि विचारलं, नक्की ना? चेन हसला, माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, आणि म्हणाला, "नो, नो. व्हाय ट्रबल."

"खलास," साहेब म्हणाला, आणि नावावर रेघ मारली.

चेन तिथेच उभा. हात जोडलेले, मान किंचित खाली, जीभ 'यस'साठी तयार. साहेब दुसरे कागद बघायला लागला. मी पंख्याकडे बघायला लागलो. वास्तविक तिथेच तोंड उघडायला हवं होतं. शेवटी मीच त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर त्यानं मला अगदी शांतपणे विचारलं, "थर्ड टाइम... व्हेन?"



दुपारी जेवायला घरी गेलो, तर शालिनीनं चेहरा बघूनच ओळखलं. सगळं सांगितलं. तिनं हातातला डाव खाली ठेवला.

"यादी कधी जाणार हेड ऑफिसला?"

"दोन वाजता. ड्रायव्हर नेतो."

"मग इथे काय बसलाय? अहो, त्या पोरीला बाप दिसायचा नाही तुमच्या मास्तरकीपायी. आधी जाऊन सांगा, मग जेवा."

टॅक्सीनं गेलो. दोनला दहा कमी. ड्रायव्हर गाडीत बसून यादीचं पाकीट पुढ्यात ठेवत होता. मी बॉनेटसमोर आडवा उभा राहिलो. तो हॉर्न वाजवतोय, 'यल्ला यल्ला', म्हणजे चल हो बाजूला, असं ओरडतोय, आणि मी हलत नाही. आवाज ऐकून साहेब बाहेर आला. भर उन्हात, सगळ्या वर्कशॉपसमोर, मी कबूल केलं की सर, चूक चेनची नाही, माझी आहे. आमच्याकडे आणि त्याच्याकडे पाहुण्याला तीनदा विचारतात. तुम्ही दोनदाच विचारलंत.

मला वाटलं, माझंही नाव आता खलास. मग साहेबानं चेनला बोलावलं आणि तीन बोटं वर करून म्हणाला, "धिस इज द थर्ड टाइम. क्वार्टर..."

"यस!" चेननं वाक्य पुरं होऊच दिलं नाही. आणि तिथेच तोंड फिरवून रडायला लागला. खरं सांगतो, मलाही आवरलं नाही.

साहेबानं रेघ खोडून नाव पुन्हा लिहिलं, पाकीट गेलं. मग तो माझ्याकडे वळला. खरं बोललास, बरं वाटलं, असं काहीसं म्हणाला, आणि पुढे विचारलं, ऑफिसचा जुना एसी निघतोय, चालू आहे, घरी नेतोस का? ऑगस्ट महिना. आमच्या घरात फक्त एक पंखा, तोही गरम वारा फेकणारा.

मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "नो, नो, सर. व्हाय ट्रबल."

साहेबानं मान डोलावली आणि शेजारी उभ्या असलेल्या चेनला विचारलं. चेन पहिल्याच फटक्यात 'यस' म्हणाला.

दोन महिन्यांनी त्याची बायको आणि मुलगी आल्या. मग आम्हीच दर शुक्रवारी बुसैतीनला जायला लागलो. चेनची मुलगी शालिनीच्या मांडीवर, चेन जेवण वाढतोय, एसी गार वारा सोडतोय. आणि मी घाम पुसून त्याच्यासमोर बसलो की शालिनी न चुकता विचारायची, "काय मास्तर, तुम्हाला तिसऱ्यांदा कोणी विचारलं का?"