आठ अक्षरांत न मावलेलं सावरगाव

त्या दुष्काळात लातुरात दोन गोष्टींना तोटा नव्हता, रांगांना आणि किश्शांना. टँकरची वाट बघणारा माणूस एक किस्सा सांगायचा आणि दोन ऐकून घरी जायचा! आमच्या जिल्हा कचेरीतल्या कॉम्प्युटरच्या खोलीतले हे किस्से असेच साचलेले.

आमच्याकडं युनिक्सचं एकच मशीन होतं. कुठल्या गावाला कधी टँकर जाणार, ती यादी त्यावर निघायची. शेजारी नवा जिल्हा झाला आणि तिथल्या ऑफिससाठी ते उचलून नेलं. आमच्या पदरात डॉस या साध्या सिस्टिमवर चालणारे दोन जुने पीसी! साहेब म्हणाले, "महिन्याभरात सगळे प्रोग्रॅम डॉसवर चालवून दाखवा. नाहीतर काम पुण्याला देतो आणि खोलीला कुलूप."

माझा जोडीदार शिवलिंगअप्पा, उदगीरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. तो म्हणाला, "कुलूप आणून ठिवा सायेब. लावायला न्हाई मिळणार!"

* * *

पहिल्याच दिवशी अप्पानं फ्लॉपीवरचं जुन्या प्रोग्रॅमचं पॅकेज उलगडलं आणि कोपऱ्यातला प्रिंटर आपोआप खडखडायला लागला. शिपाई दस्तगीरभाई हात वर करून ओरडले, "साब, मैं छुआ भी नै!"

एका फाइलचं नाव 'पीआरएन' होतं. डॉसमध्ये ते प्रिंटरचं नाव, त्यामुळं फाइल डिस्कवर न जाता थेट कागदावर!

अप्पानं कागदाची घडी घातली. "बरं झालं. वाचायला सोपं पडंल."

* * *

प्रोग्रॅम नव्यानं बांधण्याआधी जुन्या बांधणीच्या फाइली पुसायची कमांड 'मेक क्लीन'. मी दिवसातून दहादा ओरडायचो, "अप्पा, मेक क्लीन कर!" तिसऱ्या दिवशी दस्तगीरभाईंनी झाडू आपटला.

"सारखं क्लीन, क्लीन! एक हंडा पाणी हाय. पिऊ का फरशी धुऊ?"

* * *

अडलो तेव्हा पुण्याच्या एका तज्ज्ञाला फोन केला. ते म्हणाले, "युनिक्सचा प्रोग्रॅम एका वेळी चार कामं काढतो. डॉस एकच करतो. तुम्ही नाद सोडा."

त्या 'नाद सोडा'चा मला आजही राग येतो. अप्पानं फोन हिसकावला. "आमच्या हापशावर बी एका टायमाला एकच घागर भरती. म्हणून गाव पाणी प्यायचं सोडतंय का?"

मग चारही कामं एकामागं एक रांगेत लावली. चालली की!

* * *

महिना भरला. साहेबांसमोर डॉसवरून पहिली यादी छापली. तेवढ्यात सावरगाव खुर्दच्या सरपंच गंगाबाई आत आल्या आणि यादीवर बोट फिरवत म्हणाल्या, "सायेब, बुद्रुकला टँकर लावला. आमचं खुर्द कुठं हाय?"

यादीत खुर्द नव्हतंच. अप्पानं फाइली उघडून पाहिल्या. गावागणिक एक फाइल, नाव इंग्रजी अक्षरांत. डॉस आठ अक्षरांपुढचं तोडून टाकतो. 'सावरगाव'मध्येच आठ संपली, मागचं बुद्रुक-खुर्द गळलं आणि एका गावाची फाइल दुसऱ्यावर लिहिली गेली!

साहेब हसले. "बाई, यात मागचं तुटतं. हे यांना जमणार नाही, पुण्यालाच—"

"मागचं तुटतंय ना? मग खुर्द म्होरं लिवा की!" गंगाबाई म्हणाल्या.

अप्पानं अशा प्रत्येक नावाच्या सुरुवातीलाच खुर्द-बुद्रुकची दोन अक्षरं लावली. पुन्हा यादी काढली. बुद्रुक आलं, खुर्दही आलं. साहेबांनी यादीवर सही केली आणि विचारलं, "बाई, शिकलात किती?"

"तिसरी. पर गावाचं नाव पुरं लिवते!"