हळदीचा पितांबर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक माणूस डोक्यावरून टॉवेल ओढून हळदीच्या पोत्यात तोंड खुपसून बसला होता. सुलोचनाबाई थबकल्या. डिचोलीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. असलं काही दिसलं की त्यांचा पाय पुढे पडत नसे.

"काय रे बाबा, हळद घेतंस की तिची नाडी बघतंस?" हळदवाली यशोदा ओरडली.

टॉवेलाखालून एक पिवळं नाक बाहेर आलं आणि सुलोचनाबाईंकडे वळलं. "बाई, तुम्हीच बघा!" त्याच्या एका हातात जांभळ्या उजेडाची बॅटरी होती, दुसऱ्यात लाखेच्या पॉलिशची बाटली. त्याने बाटलीत चिमूटभर हळद टाकून हलवली. बाईंनी टॉवेलाखाली डोकं घातलं आणि त्यांच्या तोंडून "अगो बाई!" निघालं. बाटली काजव्यासारखी पेटली होती.

"जांभळा उजेड पिऊन हळद पिवळा उजेड टाकते," बाई म्हणाल्या. "पण तुला कशाला रे हे?"

तो डिचोलीजवळच्या सर्वण गावचा मूर्तिकार कृष्णनाथ. गावचा सार्वजनिक गणपती आजोबांपासून त्याच्याच घरात घडायचा. यंदा मंडळाच्या बाबाजींनी मांडवात जांभळ्या ट्यूब लावायचं ठरवलं होतं. पितांबर चमकला पाहिजे, नाहीतर मूर्ती दुसरीकडून आणू, असं त्यांनी बजावलं होतं. बाजारात चमकते रंग मिळत होते, पण ज्या तळीवर गुरं पाणी पितात तिथेच विसर्जन व्हायचं. कृष्णनाथाला ते रंग नको होते.

चतुर्थीच्या चार दिवस आधी बाईंना कृष्णनाथाचा फोन आला. "बाई, देव लाल झालो!"

बाई मिळेल त्या बसने सर्वणला पोचल्या. पितांबर तांबडाकाळा पडला होता. बॅटरी मारली तरी ढिम्म! संध्याकाळी बाबाजी मूर्ती बघायला येणार होते आणि कृष्णनाथ डोक्याला हात लावून बसला होता. बाईंनी नखाने जरासं खरवडलं. आत पांढरं दिसलं.

"खाली काय लावलंस?"

"ताजो चुनो. आजोबांपासून पयलो हात चुन्याचोच."

बाई खो खो हसल्या. "तुझी आई घरी कुंकू कशाचं करायची रे?"

"हळद आणि... चुनो!" कृष्णनाथाने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मी देवाक कुंकू नेसवलंय!"

मग काय धावपळ! पितांबर खरवडला, चुन्याच्या जागी पांढऱ्या शाडूचा हात दिला, पंख्याखाली सुकवला, वर हळदीचं पॉलिश. बाबाजी आले तेव्हा ते जेमतेम वाळलं होतं. खिडक्या लावून मंडळाची जांभळी ट्यूब पेटवली आणि पितांबर लखलखला.

"आरे, हो कसो पेटलो रे!" बाबाजी लहान पोरासारखे मूर्तीभोवती फिरले. "पुढल्या वर्साचोय गणपती तुजोच!"

चतुर्थीनंतर उरलेल्या पॉलिशचा थेंब बाईंनी आपल्या जुन्या शाळेत कांद्याच्या पापुद्र्यावर टाकला आणि कृष्णनाथाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बॅटरीच्या उजेडात एकेका पेशीची कड उजळली.

"ही तर फरशी, बाई!"

"पेशी आहेत त्या. संशोधक असेच चमकते रंग लावून त्या बघतात."

"म्हणजे आमचंच काम करतत!" तो छाती फुगवून म्हणाला.

सर्वणचा गणपती अजून कृष्णनाथच करतो. चुन्याचा डबा मात्र त्याने गोठ्यात नेऊन ठेवला आहे.