आपली कॉलनी सगळ्यात शेवटी

वीज खात्यातल्या तिवारीचा फोन आला तेव्हा दादाला जाऊन थोडाच वेळ झाला होता. "भैयाजी, साहब की कॉलनी भी चालू कर दी. लाइट आ गई ना?" आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. आली होती लाइट. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि त्याखाली वहिनी दादाचे पाय धरून बसली होती... मी कसंबसं सांगितलं.

दादा, माझा थोरला भाऊ, इथे जबलपुरात वीज खात्यात इंजिनीअर. वादळात शहराची वीज गेली की कंट्रोल रूमची खुर्ची त्याची. आधी दवाखाने, मग पाण्याचे पंप, मग वस्त्या. आणि साहेबाची स्वतःची कॉलनी सगळ्यात शेवटी, हा नियम त्यानंच घातलेला. वहिनी चिडायची. तो म्हणायचा, "घरी पंखा फिरून राहिला ना, की माणूस खुर्चीत सैल बसते." तो निवृत्त झाल्यावरही तिवारी आणि मंडळींनी, त्याचा मान म्हणून, आमची कॉलनी शेवटीच ठेवली. मी चिडवायचो, लोकांना निरोपाला शाल मिळते, तुला अंधार मिळाला. तो खूश व्हायचा.

पुढे त्याची फुप्फुसं गेली. ऑक्सिजन देणारं, विजेवर चालणारं यंत्र घरी आलं. खात्यात कोणाला सांगायचं नाही, अशी त्याची ताकीद होती. त्या दुपारी वादळानं आमच्या गोरखपूर भागातली झाडं आडवी केली आणि यंत्र बंद पडलं. घरातलं ऑक्सिजनचं सिलिंडर संपत आलं. तिवारीचा नंबर फक्त दादाच्या मोबाइलमध्ये. मी मोबाइल मागितला, तर त्यानं तो मांडीखाली दाबला.

"काहून फोन करून राहिला? दवाखान्याची लाइन पडली असन. काम करू दे त्यांना."

"अहो, पण तुमचा श्वास..." वहिनी रडत होती.

"येईल. आपली शेवटी येईल."

तक्रारीचा नंबर मी लावतच राहिलो, लागला नाही. दुसरं सिलिंडर आणायला निघालो, तर स्कूटर पडलेल्या झाडाशी अडली. सिलिंडर खांद्यावर घेऊन परतलो, तोवर सगळं संपलं होतं.

लोक म्हणतात, तत्त्वाचा माणूस गेला. म्हणोत. मला त्या तत्त्वाचा संताप येतो, दादाचाही येतो. तेराव्याला तिवारी उंबऱ्याच्या आत येईना. "साहब ने बताया क्यों नहीं?" एवढंच म्हणत राहिला.

दादाची खोली तशीच आहे. यंत्राचं बटण वहिनी बंद करू देत नाही. परवा लाइट गेली आणि लगेच आली. आता तिवारी आमची कॉलनी सगळ्यात आधी चालू करतो. यंत्र आपसूक घुरघुरायला लागलं. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली, खाली लोंबणारी नळी उचलली आणि दादाच्या उशीवर नीट ठेवली.