कारणाचा रकाना

"ए मावशी, हात दाखव. दोन्ही. पालथे कर."

कुंभिवलीजवळच्या एका कारखान्याचं गेट. सकाळचे साडेआठ. बाटल्या खोक्यांत भरायच्या कामासाठी बायकांची भरती. ठेकेदाराचा सुपरवायझर सावलीत खुर्चीवर, बायका उन्हात रांगेत. सातवी माझी आई.

मी सुपरवायझरच्या शेजारी, टेबलाशी. गळ्यात ओळखपत्र, अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. समोर तक्ता. नाव, गाव, वय, घेतलं की नाही. शेवटचा रकाना, कारण.

आईनं हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. आमच्या ठाकूरवाडीत तिच्या वयाच्या प्रत्येक बाईच्या हातावर असतं.

सुपरवायझरनं नळाकडे बोट दाखवलं. तिथे साबणाची वडी होती आणि भांडी घासायची तारेची घासणी.

"घासून ये. जातंय का बघू."

"सायेब, गोंदण हाय. जात नाय."

"न घासताच कळलं तुला? भांडी घासतेस ना घरी? तसाच जोर लाव."

वॉचमन हसला. आई नळाकडे गेली. ती घासत होती आणि मी तक्त्याकडे बघत होते.

सकाळी रिक्षात तिनंच बजावलं होतं, "तिथं मला आय म्हनू नको. तुजी नोकरी जायाची." गेटवर बरं दिसावं म्हणून तिनं शेजारणीचं घोळदार लुगडं मागून आणलं होतं. ही भरती हुकली, तर दिवाळीनंतर वीटभट्टी. भट्टी म्हणजे सगळं बिऱ्हाड तिकडे आणि धाकट्या बहिणीची शाळा बंद. हे आम्हा दोघींना माहीत होतं.

माझ्या डाव्या मनगटावरही गोंदण आहे. पाच ठिपके. सहा वर्षांची असताना सरकारी योजनेतून माझा नंबर इंग्रजी माध्यमाच्या वसतिगृहाच्या शाळेत लागला. जायच्या आधी आजीनं ते गोंदवून घेतलं. म्हणाली, "हारवलीस तं वाडीची म्हनून वळखू येशील." शाळेत पहिल्याच आठवड्यात मेट्रननं ते ठिपके दगडानं घासले. मी रडले नाही. तेव्हापासून पूर्ण बाह्या घालते. कमी बोलते.

त्या शाळेच्या इंग्रजीनं मला हे टेबल मिळवून दिलं. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणाले होते, "नो टॅटूड लेडीज. क्लायंट्स येतात. लुक्स डर्टी. जस्ट राइट हायजीन. यू अंडरस्टँड, ना?"

मी म्हटलं, "येस सर."

ते माझ्याशी इंग्रजीत बोलले, याचा मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

आत गेल्यावर सगळ्यांना कोपरापर्यंत हातमोजे घालावे लागतात. कुणाचं गोंदण कुणाला दिसत नाही. तरी चार महिने मी वाडीवाडीच्या बायकांपुढे तो एक शब्द लिहीत राहिले. बायकांना वाटायचं, हात खरंच मळके असतील. भरतीच्या आदल्या संध्याकाळी त्या लिंबू आणि राख घेऊन हात चोळत बसायच्या. आमच्या ओट्यावरसुद्धा. मी बघायचे. आईलासुद्धा खरं कारण सांगितलं नाही.

आई परत आली. हिरवं तसंच होतं. त्यावर लाल ओरखडे. दोन ठिपक्यांच्या मधे रक्त आलं होतं.

"नाय जात," ती म्हणाली.

"लिहा मॅडम. पुढची."

मी लिहिलं. आई हलली नाही. ती माझ्या पेनाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलंस गं?"

"तुला काय करायचंय? चल, हो बाजूला," सुपरवायझर म्हणाला.

"मी हिला इचारते."

मी रकान्यावर बोट ठेवलं.

"स्वच्छता," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हणजे... तू घाण आहेस म्हणून घेतलं नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. "आन् त्ये तू लिवलंस."

तो प्रश्न नव्हता.

मी तो शब्द खोडला. शेजारी लिहिलं, 'हातावर गोंदण असल्यामुळे घेतलं नाही. कामाला अडचण काहीही नाही.' खाली सही केली. त्याच पानावर आणखी दोघींपुढे तोच शब्द होता. तोही खोडला, तेच लिहिलं, सही केली. मग डावी बाही वर सारली आणि हात सुपरवायझरपुढे धरला.

"हे पण जात नाही, सर. शाळेत घासून झालंय."

"मॅडम, तुम्ही यांच्यातल्या?"

"ही माझी आई आहे."

त्यानं पान ओढून घेतलं, चुरगळलं, खिशात घातलं. अकराच्या आत माझं ओळखपत्र काढून घेतलं. मी म्हटलं, कारण लिहून द्या. तो म्हणाला, "तुम्हाला कसलं कारण? उद्यापासून येऊ नका."

परतताना रिक्षात आईनं एकच विचारलं. "चार म्हैनं?"

"हो."

तिनं तोंड रस्त्याकडे फिरवलं.

दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली. बहिणीला मी वाडीत ठेवून घेतलं आहे, तिची शाळा चालू आहे. आई माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मी तिची माफी मागितलेली नाही. ती तोंडानं मागायची गोष्ट नाही.

मी एक अर्ज तयार केला आहे. मराठीत, चार ओळींचा. 'मला कामावर न घेण्याचं कारण लेखी द्यावं.' ज्या बायकांपुढे मी तो शब्द लिहिला, त्यांची नावं मला पाठ आहेत. एकेकीच्या दारात जाऊन आधी सांगते, ते मी लिहिलं होतं. काहीजणी शिव्या देतात. एकीनं दार लावून घेतलं. मी बाहेर थांबते. मग अर्ज देते आणि पुढच्या भरतीला तिच्याबरोबर गेटवर जाते. गेटवरचे लोक अर्ज घेत नाहीत, फेकतात. आम्ही दुसरी प्रत काढतो.

नळापाशी ती घासणी अजून आहे. आमच्यातली कुणी आता ती उचलत नाही. नाही म्हणायचं असेल, तर त्यांनी खरं कारण लिहावं आणि खाली स्वतःची सही करावी. तोवर आम्ही गेटवरून हलणार नाही. आणि मी बाह्या वर करूनच उभी राहणार.