लीलाचं नाव कमी करायचं होतं

मुख्याध्यापकांनी माझा हजेरीपट उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं. आठवी क ची मी वर्गशिक्षिका. लीलाच्या नावापुढे महिनाभर गैरहजेरीच होती.

"नाव कमी करा," सर म्हणाले.

नाव कमी करणं म्हणजे पटावरून काढून टाकणं. तांबड्या शाईची एक रेघ मारली की झालं. आधी घरी जाऊन येते, असं मी म्हटलं. सर म्हणाले, शनिवारपर्यंत.

आणीबाणी उठून वर्षदीड वर्ष झालं असेल. आमची शाळा नाशिकरोडला. लीलाचे वडील सटाण्याकडचे, एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनवर कंत्राटदाराकडे कोळसा उतरवायला होते. लीला जूनमध्ये आली आणि दिवाळीनंतर यायची बंद झाली.

त्यांची पत्र्याची खोली होती. आई दारात गहू निवडत होती. पोरगी शाळेत का येत नाही, असं मी विचारलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"रोज तं जास शाळामा," ती म्हणाली. मग हातातलं सूप खाली ठेवून हळूच विचारलं, "काय व्हयनं, बाई?"

म्हणजे पोरगी रोज दप्तर घेऊन, डबा घेऊन निघत होती आणि शाळा सुटायच्या वेळेला घरी परतत होती. मधले सहा तास कुठे जात होते, ते आईला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर तिची वर्गशिक्षिका.

दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफ पिरियडला मी शोधायला निघाले. ती एस. टी. स्टँडवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये सापडली. कोपऱ्यातल्या बाकावर बसून मांडीवरच्या वहीत लिहीत होती. मी वही मागितली. तिने मुकाट्याने दिली. प्रत्येक पानावर तारीख होती, विषय होता, खाली धडा उतरवून काढला होता. आमच्या टाइमटेबलप्रमाणे. भूगोलात तर ती वर्गाच्या दोन धडे पुढे होती.

मी शेजारी बसले. वर्गात कोण त्रास देतं, असं विचारलं. तिने दोघीतिघींची नावं सांगितली. त्या तिला 'शे' म्हणून हाक मारायच्या. 'शे आली, शे गेली.' अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. भूगोलाच्या तासाला ती उभं राहून "पृथ्वी गोल शे" म्हणाली होती, तेव्हापासूनचं हे.

मी त्यांना बघते, असं म्हणाले.

तिने माझ्या हातातली वही परत घेतली. मग स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाली, "बाई, तेव्हा तुम्हीपण हसला होतात. आणि मला दहा वेळा 'आहे' म्हणायला लावलंत."

मला आठवेना. आजही आठवत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती.

मी तिला परत आणलं. वाचायला उभं करणार नाही, असा शब्द दिला आणि तो पाळला. सोमवारी वर्गात त्या मुलींना सगळ्यांसमोर झापलं. खरं तर त्याच वेळी माझी चूक मी कबूल करायला हवी होती. शब्द तोंडात आले होते. पण पन्नास मुलं समोर होती, मला लाज वाटली, आणि मी धडा काढा म्हणाले.

त्या दिवसानंतर तिला कोणी हसलं नाही. कोणी बोललंही नाही. बाईंना चुगली सांगणारी, असं ठरलं. शेजारच्या मुलीने जागा बदलून मागितली, आणि मी ती दिली. तोंडी परीक्षेला लीला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उत्तरं तिला येत होती, ते दिसत होतं. ओठ हलले, आवाज आला नाही. मी पासापुरते मार्क टाकले.

जूनमध्ये वडील दाखला न्यायला आले. तिला गावी आजीकडे ठेवणार होते. तिथली शाळा सातवीपर्यंतच होती. मी खूप समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ती म्हनस, तठे मनं कोनी नही," ते म्हणाले. तिथं माझं कोणी नाही, असं ती म्हणते.

मी दाखल्याचं पुस्तक काढलं.

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. मी 'पालकांच्या इच्छेनुसार' असं लिहिलं. सरांनी न वाचताच सही केली. इन्स्पेक्शनचा शेरा त्या वर्षी उत्तम होता.

पुढे निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी प्रत्येक मुलाला विचारत गेले, घरी कसं बोलता? कोणी अहिराणी बोलून दाखवायचं, कोणी पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासींची कोकणी. अर्धा तास लागतो, फार तर. मला ते सुचायला एक मुलगी जावी लागली.