कुतुबमिनारावरच्या चकल्या

मुलुंडच्या श्यामकांतरावांना नाही म्हणता येत नसे, आणि अख्ख्या चाळीने त्याचा यथेच्छ फायदा उपटला. नवराबायको दिल्ली बघायला निघालेत हे कळायचा अवकाश, बाया डबे घेऊन दारात हजर. "जाताच आहात तर एवढं पोचवा ना." कोणाच्या भाच्याला गोडा मसाला, कोणाच्या जावयाला लोणचं. हे आपले मान डोलवतायत!

उत्तराबाईंचं माहेर कांदिवलीचं आणि सासर मुलुंडचं. जग म्हणून काय ते एवढंच. त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, बाकी काही दाखवू नका, पण मी कुतुबमिनार चढणार.

दिल्लीत काय झालं? डबे वाटले. लाल किल्ला टांग्यातून दिसला, म्हणजे तांबडी भिंत दिसली. जंतरमंतर आलं तेव्हा उत्तराबाई लोणच्याची गळती बरणी सावरत होत्या. राष्ट्रपती भवनाचा घुमट एका कारकुनाच्या गच्चीवरून, वाळत घातलेल्या पायजम्यांमधून पाहिला. घरोघरी तोच चहा, तेच पोहे आणि तोच प्रश्न, मुलुंडला काय म्हणतायत सगळे?

शेवटच्या दिवशी एकच डबा उरला. शेजारच्या वसुधाबाईंच्या चकल्या, त्यांच्या करोलबागेतल्या भावासाठी. संध्याकाळची गाडी. करोलबाग एका टोकाला, कुतुब दुसऱ्या.

"अगं, मिनार काय पळून जातोय?" श्यामकांतराव म्हणाले. "शेकडो वर्षं उभाच आहे. चकल्या मऊ पडतील."

उत्तराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा काखोटीला मारून त्या कुतुबच्या बसमध्ये चढल्या. "तुम्ही जा करोलबागेत. डबा माझ्याकडे आहे." रिकाम्या हातांनी जाऊन करणार काय? आले मुकाट्याने मागोमाग.

अंधाऱ्या जिन्यावर श्यामकांतरावांचा भाता फुलला. उत्तराबाई मात्र पहिल्या सज्ज्यापर्यंत थांबल्या नाहीत. खाली शेतं, पडकी थडगी आणि नजर थकेल एवढं मोकळं रान. त्यांना इतका आनंद झाला की रडूच आलं. रडून झाल्यावर भूक लागली. मग काय, उघडला डबा.

"वसुधाबाईंना काय सांगायचं?" नवऱ्याने विचारलं. विचारताना तिसरी चकली चालू होती.

"मी सांगेन."

परतल्यावर चाळ लोटली ती डब्यांची चौकशी करायला. पोचलं ना? सांडलं नाही ना? वसुधाबाई आल्या तसे श्यामकांतराव न्हाणीघरात जाऊन बसले.

"तुझ्या चकल्या आम्ही खाल्ल्या," उत्तराबाई म्हणाल्या. "कुतुबमिनारावर बसून."

"अगं, लाज नाही वाटली? भाऊ वाट बघत होता ना माझा." वसुधाबाई फणकाऱ्याने निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथेच घुटमळल्या.

"उत्तरा, वर गेल्यावर काय दिसतं गं?"

आल्यापासून हे विचारणारी ती पहिलीच. उत्तराबाईंनी तिला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि चहाचंसुद्धा न विचारता सांगायला सुरुवात केली.